वात मेणात बुडवून धरावी

माझी बायको चार महिने बाहेरगावी जाणार की नाही, हे मला मेणबत्ती जमते की नाही यावर ठरणार होतं. वाक्य पुन्हा वाचू नका. मीही पुष्कळदा वाचून पाहिलं आहे, त्याने काही फरक पडत नाही.

बायको एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते. म्हणजे राजाचा अंगरखा उसवला की तो शिवायचा, राणी जाड झाली की शिवण सोडायची आणि राणीला मात्र 'कापड आटलंय हो' असं सांगायचं. कंपनी दर हिवाळ्यात दौऱ्यावर निघते. दर हिवाळ्यात मॅनेजर तिला विचारतो, "ताई, यंदा येताय ना?" आणि दर हिवाळ्यात ती म्हणते, "यंदा नाही जमायचं." आधी लेक लहान होती. मग लेकीची परीक्षा होती. मग माझं पित्ताशय काढलं. पुढे काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कारण म्हणून नुसता मी शिल्लक राहिलो.

यंदा मॅनेजर म्हणाला की हा शेवटचा लांबचा दौरा, यापुढे कंपनी गावातच प्रयोग करणार. रविवारी सकाळी फोन करतो, हो की नाही एवढंच सांगा.

"तुम्ही राहाल एकटे?" बायकोने मला विचारलं.

"म्हणजे काय! आरामात," मी म्हणालो. तेव्हा मी चहाचं भांडं शोधत होतो. ते गॅसवर होतं. त्यात चहा नव्हता. उकळून उकळून तो केव्हाच निघून गेला होता.

आमची लेक गावातच वेगळी राहते, विमा कंपनीत आहे. जळलेल्या घरांत जाऊन नुकसान किती झालं ते बघणं हे तिचं काम. तिला मी लहानपणी परीकथा सांगितल्या, त्यांतून ती या धंद्यात कशी शिरली कळत नाही. तिने काळं पडलेलं भांडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, मी रोज असल्याच घरांत जाते. माणसं बोलायला सुरुवात करतात ती एकाच वाक्याने. 'बाबा घरी एकटेच होते.'"

"जळायचं सोड गं," बायको म्हणाली. "हे दिवसभर करतील काय? दाराशी खुर्ची टाकून माझी वाट बघत बसतील. मी तिकडे पडद्यामागे कुणाची तरी गुंडी लावत असेन आणि डोळ्यांसमोर यांचा चेहरा."

"चेहऱ्याला काय झालंय?"

"काही नाही. तेच तर."

मग तिने निकाल दिला. मी हाताला काहीतरी उद्योग लावून घ्यायचा. एक तरी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करून दाखवायची, आणि ती होईपर्यंत घर जागेवर असलं पाहिजे. तसं झालं तर ती जाणार. नाही तर मॅनेजरला यंदाही नेहमीचंच उत्तर.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिच्यातूनच झाला. मिक्सर, इस्त्री, पंखा, पाणी तापवायचा बंब, असलं काही विकत घेतलं की खोक्यात सूचनांचं पत्रक निघतं आणि आपण ते न वाचता खोक्याबरोबर टाकून देतो. ती पत्रकं मी लिहायचो. जन्मभर लिहिली. यातलं एकही यंत्र मी कधी चालवलं नाही. आमच्याकडे पद्धतच होती, पत्रक आधी, यंत्र मागाहून. कारखान्यातून यंत्र येईपर्यंत मजकूर छापून तयार असायचा, आणि यंत्र पत्रकाप्रमाणे चाललं नाही तर आम्ही यंत्राला नावं ठेवायचो.

मेणाचं खूळ शेजाऱ्यांनी आणलं. शेजारी दातांचे डॉक्टर आहेत, म्हणजे होते. आता ते दात काढत नाहीत, फक्त बोलणाऱ्याच्या तोंडात टक लावून बघतात. त्यांच्या मेहुण्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि तो त्यांना दर वर्षी मेणाची एक ढेप पाठवतो. "पूर्वी दवाखान्यात दातांचे साचे घ्यायला तरी खपायचं," डॉक्टर म्हणाले. "आता माझ्या काय कामाचं? तुम्ही घ्या." पिवळी, जड, भाकरीच्या थाळीएवढी ढेप. नाकाशी धरली तर मधाचा वास, आणि मधाच्या मागे जुन्या लाकडी कपाटाचा.

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं, "मी मेणबत्त्या करणार."

लेकीने घास खाली ठेवला. "बाबा, आपण घर पेटवत नाही हे दाखवायला तुम्ही मेणबत्त्या करणार?"

"पोहता येतं हे दाखवायला माणूस वाळवंटात जात नाही," मी म्हणालो. उत्तर मला बरं वाटलं. त्या दोघींना वाटलं नसावं, कारण बायको उठून अंगावर टाकायचं जाड ब्लँकेट कुठे ठेवलंय ते बघून आली.

कामाला सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली, म्हणजे पत्रक लिहिलं. टेबलाशी बसून, खाली रेघ मारून, सुवाच्य अक्षरात. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, 'वात वितळलेल्या मेणात बुडवून एक मिनिट स्थिर धरावी. मेणबत्ती हवी तेवढी जाड होईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी.' एक मिनिट कुठून आणलं असं विचाराल तर सांगता येणार नाही. आमच्या पत्रकांत सगळं एकच मिनिट असायचं. पत्रक फ्रिजवर चिकटवलं, दोन पावलं मागे जाऊन वाचलं, आणि निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

उरलेलं निम्मं ढेपेपासून सुरू झालं. तिला सुरी लागेना, म्हणून हातोडी घेतली. ढेप फुटली, पण ती माझ्या सांगण्यावरून फुटली नाही. एक तुकडा फळीवरच्या बशांमागे गेला, एक माझ्या कानावर बसला. जेवढं सापडलं तेवढं कॉफीच्या उंच किटलीत भरलं आणि किटली पाण्याच्या पातेल्यात उभी केली. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्यात ठेवून वितळवायचं, एवढं लेकीने तीनतीनदा बजावलं होतं. ते मी पाळलं. किटली उचलताना तिची मूठ गरम असेल हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

आरडाओरडा ऐकून बायको आली. मेणाचा एक लोट फरशीवर, एक ओट्याच्या कडेवर आणि एक माझ्या पायजम्यावर.

"भाजलं का?"

"मला नाही. पायजम्याला."

"सांडलेलं मोरीत ढकलू नका, तुंबेल. थंड होऊ दे, खरवडून निघेल." मग तिने इस्त्री तापत घातली आणि कपाटातून खाकी कागद काढला. "कापडावर कागद ठेवून इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं. आमचे राजेलोक मशाली घेऊन फिरतात ना, मला सवय आहे."

मी इस्त्रीच्या टेबलावर पाय ठेवला.

"अहो, आधी पायजमा काढा."

इस्त्रीचं पत्रक लिहिणारा माणूस मीच, हे तिला तेव्हा आठवू नये अशी मी मनोमन इच्छा केली.

मग वात. तिच्या शिवणाच्या डब्यातून मी चांगला चकचकीत, मजबूत दोरा निवडला. दोरा मेणात एकदोनदा बुडवून पहिली मेणबत्ती झाली तशी झाली, ती पेटवली, तर दोऱ्याने एकदा मान वर केली, आक्रसून गोळी झाला आणि मेणात बुडी मारली. दुसऱ्या मेणबत्तीनेही तेच केलं. मी मेणाला नावं ठेवली.

बायकोने दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ज्योतीजवळ नेलं. "हा सेनापतीच्या झग्याचा. हा जळत नाही, वितळतो. बघा, मणी झाला. आणि हा सुती." दुसरा दोरा जळाला, जळक्या कागदासारखा वास आला, आणि राख तिने बोटांत चुरली. "हा घ्या. तीन पदर घ्या आणि वेणी घाला. घट्ट नको."

लेकीच्या केसांची वेणी मी आयुष्यात कधी घातली नाही. आता दोऱ्याची घालताना ती समोर बसून बघत होती. तिचे केस अलीकडे आखूड आहेत.

वात जमली, आता मेणबत्ती जाड होईपर्यंत बुडवायचं होतं. वात मधोमध दुमडून मी बायकोच्या लाकडी पट्टीवर टाकली. दोन्ही टोकं खाली लोंबली, म्हणजे एकदम दोन मेणबत्त्या. बुडवली. घड्याळ लावून एक मिनिट स्थिर धरली. बाहेर काढली, वाळवली. पातळसा पिवळा थर. उत्तम. परत बुडवली, परत एक मिनिट. तेवढाच थर. परत. थर जरा कमीच.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी मेणबत्तीच्या तोंडात बघितलं. "घाई करताय," ते म्हणाले. "अनुभवाने सांगतो, हातातलं सोडायची घाई केली की काम बिघडतं. पेशंट कितीही ओरडला तरी मी सोडायचो नाही."

"मग किती धरू?"

"ओरडायचा थांबेपर्यंत."

मेणबत्ती ओरडत नव्हती, म्हणून मी अंदाजाने धरली. धरून धरून दोनदा हात बदलला. बाहेर काढली तेव्हा पट्टीवर ओली वात होती. फक्त वात. पातेल्यातलं पाणी खदखदत होतं, किटलीत मेण होतं तेवढंच होतं, आणि सकाळपासून मी जे केलं होतं ते सगळं परत किटलीत जमा झालं होतं. एवढे कष्ट करून जिथून निघालो तिथेच पोचायचं, असा उद्योग मला याआधी एकच माहीत होता, आणि तिथून मी निवृत्त झालो होतो.

त्या दोन-तीन दिवसांत मी जिद्दीने बुडवत राहिलो. काही मेणबत्त्या वरून जाड आणि खालून शेपटीसारख्या झाल्या. एक मधेच बारीक कंबर काढून उभी राहिली. एक नुसतीच वाकडी होती, तिला दुसरा काही दोष नव्हता. बायको येता-जाता बघायची आणि "होईल हो" म्हणायची. पण तिच्या 'होईल'मधला जोर रोज थोडा थोडा कमी होत होता. शनिवारी तिने कंपनीच्या कपड्यांचा गठ्ठा दुसऱ्या बाईकडे पोचता केला. "माझ्यावाचून अडायला नको त्यांचं," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी लवकर उठून परत किटली चढवली. का, ते विचारू नका. नवी वात बुडवली, मिनिट मोजायला लागणार, तेवढ्यात पातेल्यातली वाफ बरोबर बोटावर आली. "आई गं!" म्हणून मी हात झटकन वर घेतला. वात आत गेली तशी बाहेर आली होती. बोट तोंडात घालून मी बघत राहिलो. तिच्यावर थर होता. चांगला जाड, गुळगुळीत थर.

परत केलं. झटकन आत, झटकन बाहेर. आधीचा थर जागेवर, त्यावर नवा. गरम मेणात ठेवून बसलं की आधीचं वितळून जातं, एवढी साधी गोष्ट होती ती. मेण पहिल्या दिवसापासून मला हेच सांगत होतं आणि मी त्याला पत्रक दाखवत होतो. फ्रिजकडे पाठ करून मी कामाला लागलो. आत, बाहेर, थांब. आत, बाहेर, थांब. मेणबत्त्या माझ्या डोळ्यांदेखत अंग धरायला लागल्या. सरळ, पिवळ्या, वर निमुळत्या, दोघी एका वातीला लोंबणाऱ्या. आयुष्यात माझ्या हातून तयार झालेली, कुणी टाकून देऊ नये अशी ती पहिली वस्तू होती.

"अगं!" अशी हाक मी मारणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज आला. ती लेकीशी फोनवर बोलत होती. "तिकडे थंडी किती असते गं? नाही, नुसतं विचारलं. जायचं कुठे आहे? यांचं जमतंय असं दिसत नाही." मग जरा थांबून, हसून, "राहू दे ना. बिचारे किती खटपट करतात."

मी तोंड मिटलं. इतके दिवस मी एवढा गुंतलो होतो की एक हिशेब राहून गेला होता. मेणबत्ती जमली म्हणजे बायको गेली. चार महिने समोरची खुर्ची रिकामी. 'होईल हो' म्हणायला कुणी नाही. गुंडी तुटली की कुणाला सांगायचं? आणि नुसतं सांगायचं तरी कुणाला?

मी पट्टीवरच्या दोघींकडे बघितलं. टेबलावर जुन्या मेणबत्त्यांचा ढीग होता, शेपटीवाल्या, कंबरवाली, वाकडी. तो ढीग दाखवायला काहीच हरकत नव्हती. खोटं नव्हतं ते. माझंच काम होतं सगळं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. वाटेतूनच फोनवर बोलत असलेली लेक तपासणीला आली होती. विचार करायला वेळ मिळाला असता तर काय केलं असतं ते मला अजूनही माहीत नाही, पण वेळ मिळाला नाही. मी पट्टीवरून जोडी उतरवली आणि सदऱ्याच्या आत सोडली. वात गळ्यात, मेणबत्त्या पोटावर. गरम होत्या, पण बाणेदारपणे सोसलं.

लेकीने स्वयंपाकघर बघितलं. भिंतीला हात लावला, गॅसच्या नळीचा वास घेतला, छताकडे बघितलं. "घर आहे जागेवर," तिने मान्य केलं. मग टेबलाशी आली. बायकोही आली. तिने कंबरवाली उचलली, फिरवून बघितली आणि अलगद खाली ठेवली.

"एवढंच झालं?" लेकीने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

"छान आहेत," बायको म्हणाली, आणि फोन वाजला.

ती रागावली असती, टोमणा मारला असता, तर मी निभावून नेलं असतं. ते मला सरावाचं आहे. पण तिने नुसता चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोन उचलला. "हो, मीच बोलतेय. नाही, बरी आहे. अहो, ते दौऱ्याचं म्हणजे, यंदाही..."

"थांब!" मी म्हणालो.

मी सदऱ्याच्या गुंड्या काढायला लागलो.

"बाबा, हे काय करताय?" लेक म्हणाली.

मी आत हात घालून जोडी बाहेर काढली. सोललीच म्हणा, कारण ती मला चिकटली होती. थोड्या वेळापूर्वी रुळासारख्या सरळ होत्या त्या. आता दोघींनी माझ्या पोटाचा आकार घेतला होता, अगदी हुबेहूब, आणि एकीला छातीवरचे दोन पांढरे केस लागले होते.

"हे काय आहे?" लेकीने विचारलं. धंद्यामुळे तिने बरंच काही बघितलेलं आहे, पण हे नवीन असावं.

"मेणबत्त्या. मघापर्यंत सरळ होत्या."

बायको फोनमध्ये म्हणाली, "जरा धरा हं, घरात काहीतरी झालंय." तिने फोन टेबलावर ठेवला आणि जोडी हातात घेतली. नख लावून बघितलं, थर बघितले. कपड्याचं अस्तर बघावं तसे.

"या चांगल्या झाल्यात," ती म्हणाली.

"हो."

"मग लपवल्यात का?"

"चांगल्या झाल्या म्हणून."

फोनमधून मॅनेजर एकदा 'हॅलो' म्हणाला. लेक आईकडे बघत होती, आई माझ्याकडे, आणि मी गुंड्या लावत होतो. एक घर चुकलं होतं, त्यामुळे शेवटी एक गुंडी उरली.

मग बायकोने त्या दोघी टेबलावर आडव्या ठेवल्या, वर लाकडी पट्टी ठेवून तळहाताने पुढेमागे लाटल्या. "कोमट आहेत तोवर होतात सरळ," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. माझं पोट हळूहळू त्यांच्यातून निघून गेलं. तिने मधली वात कापली, दोन्ही केस चिमटीने काढले, एक बशीवर उभी केली आणि काडी ओढली.

पेटली. फडफडली नाही, गळली नाही. ज्योत जागची हलली नाही. लेक खाली वाकली आणि तिच्या कामाच्या नजरेने बघत राहिली.

"धूर नाही," ती नाइलाजाने म्हणाली.

"हॅलो? ताई?" फोन म्हणाला.

बायकोने फोन उचलला, पण कानाला लावला नाही. "जाऊ का?" तिने मला विचारलं.

मी मान हलवली.

"मान नको. पुढच्या वर्षी तुमचं 'मी कुठे जा म्हणालो होतो' नको व्हायला. मोठ्याने बोला."

"जा," मी म्हणालो.

"मॅनेजरला ऐकू गेलं पाहिजे."

"जा!"

"ऐकलंत ना?" ती फोनमध्ये म्हणाली. "येतेय मी."

यानंतर घरात जो आवाज सुरू झाला तो मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. कपाटं उघडत होती, हँगर पडत होते. लेकीने मला बसवून नियम सांगितले. रोज संध्याकाळी फोन. गॅस चालू तर मी स्वयंपाकघरात. मेणाला हात लावायचा तो शेजारचे डॉक्टर समोर असतानाच.

"डॉक्टर असताना नको!" आतून बायको ओरडली. "एकटे असताना बरे करतात."

निघायच्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. "अहो, इकडे या जरा. बॅग बंद होत नाहीये. वर बसा."

मी बसलो.

"नीट बसा. जोर लावून. निम्मे हवेत आहात."

मी पाय उचलले आणि सगळा भार टाकला. ती गुडघ्यांवर बसून चेन ओढत होती. एका कोपऱ्याशी स्वेटरची बाही अडकली. "उठा. नाही, परत बसा. जरा इकडे सरका. हां." चेन माझ्याखालून सरसरत शेवटपर्यंत गेली.

"झालं," ती म्हणाली. "उठा आता."

"थांब," मी म्हणालो, "नीट बसलीय का बघतो."